गल्ली आणि गल्ला: दुकान मेन रोडला घ्यावं की आतल्या कोपऱ्यावर?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वाकडला पोळीभाजी केंद्र काढायचंय, दोन गाळे बघून झालेत, एक २४ मीटरच्या मेन रोडला आणि दुसरा आतमध्ये, तीन सोसायट्यांच्या गल्ल्या जिथं एकत्र येतात त्या कोपऱ्यावर, आणि आतल्याचं भाडं बाहेरच्याच्या जवळपास निम्मं. एजंट म्हणतोय डोळे झाकून मेन रोडचा घ्या, दिवसभर गाड्यांची रांग असते. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की रस्ते कसे आहेत यावर आजूबाजूची लोकं किती खर्च करतात हे खरंच ठरतं का, की हे सगळं पुस्तकी आहे आणि चव चांगली असली की गिऱ्हाईक येतंच.

ठरतं. मी गेली २२ वर्षं दुकानांसाठी, मेडिकलवाल्यांसाठी, बँकांच्या शाखांसाठी जागा बघून द्यायचं काम करतोय, त्याआधी ट्रॅफिक सर्व्हेत होतो म्हणजे चौकात खुर्ची टाकून गाड्या मोजायच्या, आणि या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळलीय की समोरून किती गाड्या जातात यावर गल्ला भरत नाही. पायी किंवा सावकाश गाडीवर घरी निघालेली माणसं किती वेगवेगळ्या वाटांनी तुमच्या दारापाशी येऊन मिळतात, त्यावर भरतो. गाडी मोजायला सोपी असते म्हणून सगळे गाड्याच मोजतात, आणि मग लॉक-इन (करारातली गाळा सोडता येत नाही ती मुदत) संपायच्या आत दुकान बंद करायची वेळ येते. चव चांगली पाहिजेच हो, पण चव कळायला आधी माणूस एकदा तरी थांबला पाहिजे, आणि तो थांबणार की नाही हे बरंचसं रस्ता ठरवतो.

पुण्याचंच उदाहरण घ्या. लक्ष्मी रोड रुंदीला काही फार मोठा नाही, वाकड-बाणेरच्या नव्या रस्त्यांपुढे तर अरुंदच. गाड्यांना तो वन-वे, पार्किंगची बोंब आणि तरी साडी, सोनं, कापड म्हटलं की आजही गर्दी तिथंच. का? एकदा सोन्या मारुती चौकापासून अलका चौकापर्यंत सावकाश चालत जा आणि दोन्ही हातांना किती बोळ, किती आळ्या, किती लहानमोठे रस्ते येऊन मिळतात ते बोटावर मोजत जा, बेलबाग चौक, कुंटे चौक, नगरकर तालीम, गरुड गणपती, आणि या मोठ्या चौकांच्या मधेमधे वाड्यांतून निघणारे छोटे छोटे बोळ. दर थोड्या पावलांवर एक तोंड. नारायण, सदाशिव, शनिवार, बुधवार, या पेठांतला माणूस कुठंही निघाला, शाळेत मुलीला सोडायला, मंडईत भाजीला, अप्पा बळवंत चौकात वह्यापुस्तकांना, तपकीर गल्लीत वायर आणायला, तरी त्याला बहुतेक वेळा लक्ष्मी रोडचा थोडा तरी तुकडा ओलांडावा किंवा चालावा लागतो. तो लक्ष्मी रोडला म्हणून आलेलाच नसतो, तो मधे लागतो म्हणून आलेला असतो. आणि जाता जाता घेतलेल्या वस्तू, रुमाल, पिना, चहा, गजरा, यांच्यावर शेकडो दुकानं जगतात. तुळशीबागेचंही तेच, राममंदिराभोवतीचा बाजार खरा, पण मंडई आणि लक्ष्मी रोड यांच्यामधली ती वाट आहे, दोन्हीकडून उघडी, म्हणून तिथं बांगड्या आणि भांडी विकली जातात. तीच तुळशीबाग एका बाजूने बंद असती तर देवदर्शनाला येणाऱ्यांपुरती चार दुकानं राहिली असती.

हे नुसतं माझं मत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केलं, त्याला स्पेस सिंटॅक्स म्हणतात. १९९३ मध्ये त्यांनी जो विचार मांडला तो साध्या शब्दात असा की दुकानं माणसांना खेचतात हे नंतरचं, आधी रस्त्यांची जोडणीच माणसांना काही रस्त्यांवर जास्त आणि काही रस्त्यांवर कमी आणून सोडते, मग दुकानं तिथं येतात, मग दुकानांमुळे आणखी माणसं येतात आणि ते चक्र फिरत राहतं. म्हणजे पहिला धक्का नकाशाचा असतो, दुकानाचा नाही.

यात मोजायचं काय, तर एक म्हणजे जवळपणा, तुमच्या दारापासून आजूबाजूची घरं किती कमी चालीत, किती कमी वळणांत येतात. दुसरा मधलेपणा (हा शब्द मीच वापरतो, क्लायंटला पटकन कळतो): परिसरातल्या प्रत्येक घरापासून प्रत्येक दुसऱ्या ठिकाणी जायची जवळची वाट काढली तर त्यातल्या किती वाटा तुमच्या दारावरून जातात. आणि इथंच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते जी एजंट कधीच सांगत नाही, त्याला माहीतही नसते, की हा मधलेपणा किती मोठ्या परिघात मोजता त्यावर उत्तर बदलतं. ५-७ किलोमीटरचा परिघ धरला तर तुमचा मेन रोड पहिला येईल, कारण हिंजवडीला जाणारा-येणारा सगळा लोंढा त्यावरून जातो. पण परिघ ५००-८०० मीटर धरा, म्हणजे पायी जाण्याचा, आणि कदाचित तो आतला कोपरा वर येईल आणि मेन रोड खाली जाईल. पोळीभाजीचं गिऱ्हाईक दुसऱ्या परिघातलं आहे. कारच्या शोरूमचं, मोठ्या फर्निचरवाल्याचं पहिल्या. लक्ष्मी रोड दोन्ही परिघांत वर येतो, म्हणून तो लक्ष्मी रोड आहे, तसे रस्ते एखाद्या शहरात चार-दोनच असतात.

आता जवळपणाचं गणित दाखवतो, कारण ते कागदावर केल्याशिवाय पटत नाही. माणसाची चाल मिनिटाला साधारण ८० मीटर धरतात, म्हणजे ५ मिनिटांत ४०० मीटर. दुकानाभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात ५० हेक्टर जमीन येते. पण माणूस काही भिंतीतून जात नाही, रस्त्यानं जातो. चौकटी-चौकटीचे रस्ते असतील तर त्याच ४०० मीटरच्या चालीत ३२ हेक्टरपर्यंतची घरं पोचतात. मी मूळचा कोल्हापूरचा, आमच्या राजारामपुरीत पत्ता म्हणजे गल्लीचा नंबर, पहिली गल्ली, दुसरी गल्ली असं सरळ, आणि शाहू महाराजांनी वसवलेल्या जयसिंगपुरातही तशाच आखीव गल्ल्या. तिथं कुठल्याही कोपऱ्यावर दुकान टाका, चारी बाजूंनी माणूस येऊ शकतो. उलट झाडासारखी रचना असेल, म्हणजे एक खोड आणि त्याला फुटलेल्या फांद्या पण फांद्या एकमेकींना कुठंच न जोडलेल्या, तर तोच आकडा चौकटीच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. घरं तेवढीच, पगार तेवढेच, फ्लॅटचे दर तर उलट जास्त, पण पाच मिनिटांत दुकानापर्यंत येऊ शकणारी माणसं निम्मी.

आपल्याकडच्या पश्चिम उपनगरांत नेमकं हेच झालंय. बाणेर-बालेवाडी १९९७ ला पुणे महापालिकेत आली, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये, पण रस्ते बऱ्याच ठिकाणी शेताच्या बांधावरूनच पडले. ज्या बिल्डरने जो सर्व्हे नंबर घेतला त्याने आपल्या गेटपर्यंत रस्ता केला, पुढच्याने त्याच्या गेटपर्यंत, आणि या दोन गेटांना जोडणारा विकास आराखड्यातला रस्ता मधल्या कुणाच्या तरी जागेत वर्षानुवर्षं अडकून राहिला. त्यामुळे शेजारच्या इमारतीतली बाल्कनी दिसते, तिथं वाळत घातलेल्या साड्यांचे रंग दिसतात, पण तिकडे जायचं तर बाहेर मेन रोडला या, वळसा घाला आणि परत आत जा.

एक प्रसंग सांगतो, कारण या विषयावर मी जे काही शिकलो त्यातलं निम्मं तिथं शिकलो. एका मोठ्या सोसायटीच्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीतला एक स्लॅबचा तुकडा पडून फट झाली होती, एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी. पलीकडे जुन्या गावठाणाची गल्ली. काही महिन्यांत त्या फटीच्या पलीकडच्या बाजूला एक भाजीची हातगाडी उभी राहायला लागली, मग एक इस्त्रीवाला, मग एक बाई संध्याकाळी फुलांची टोपली घेऊन बसायला लागल्या. मी तिथं एका मेडिकलच्या कामासाठी जात होतो. संध्याकाळी सहानंतर सोसायटीतल्या बायका गाऊनवर ओढणी घेऊन, पायात घरातल्याच चपला, हातात पन्नासची नोट किंवा नुसता मोबाइल, अशा त्या फटीतून यायच्या, कोथिंबीर, चार लिंबं, गजरा, लहान मुलं भेळेला. कुणी यादी घेऊन येत नव्हतं. मग सुरक्षेचं कारण पुढे आलं, कमिटीने ठराव केला आणि एका रविवारी फट विटांनी बुजवली. तेच अंतर आता गेटमधून वळसा घालून मला दहा-अकरा मिनिटं चालावं लागलं, आधी दोन मिनिटंही लागत नव्हती. पंधरा दिवसांत हातगाडी हलली, फुलांच्या बाई यायच्या थांबल्या.

मी वॉचमनला विचारलं की आता या सगळ्या बायका भाजी कुठून घेतात, तर तो रजिस्टर दाखवायला लागला, डिलिव्हरीवाल्यांच्या नोंदींनी पानं भरलेली. आणि इथं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं की पैसा एका दुकानातून उठून शेजारच्या दुकानात गेला असं झालंच नाही. कोथिंबीर ॲपवर गेली. गजरा, भेळ आणि दोन रुपये कमी करून घेतलेली लिंबं, हा खर्च कुठंच गेला नाही, तो व्हायचाच थांबला. रस्त्यांची रचना खर्चावर कसा परिणाम करते असं विचारता ना, तो असा. एकूण पगारातला मोठा हिस्सा रस्ता ठरवत नाही, हप्ता, शाळेची फी, पेट्रोल हे जायचं तिथंच जातं. पण तो खर्च आपल्या भागात राहतो का बाहेर जातो, आणि लहान लहान, न ठरवता केलेला खर्च होतो का नाही, हे दोन्ही रस्ता ठरवतो. आणि भागातल्या छोट्या माणसाचं पोट याच दोन गोष्टींवर असतं.

झेप्टो, ब्लिंकिट वगैरेंचा विषय निघालाच आहे तर सांगतो, त्यांचं गोडाऊन कुठं असतं बघा. मेन रोडला क्वचितच, आतल्या स्वस्त गाळ्यात, शटर अर्धं, समोर पंधरा-वीस टू-व्हीलर. त्यांना समोरून जाणारा माणूस नकोच आहे, त्यांना गाडीवरून सात-आठ मिनिटांत जास्तीत जास्त गेटं गाठायची आहेत. म्हणजे तेसुद्धा रस्त्यांच्या जाळ्याचंच गणित करतात, फक्त पायाचं न करता चाकाचं. जिथं पायी जाळं तुटलेलं आहे तिथं त्यांना सगळ्यात सोपं जातं. तुमच्याशी स्पर्धा त्यांची आहे, शेजारच्या पोळीभाजीवाल्याची नाही, म्हणून हे लक्षात ठेवा.

सगळ्या मालाला एकच नियम लागत नाही हेही सांगायला हवं. १९३१ मध्ये रायली नावाच्या अमेरिकन माणसाने गुरुत्वाकर्षणासारखा नियम मांडला होता, बाजार जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि अंतर वाढलं की ती झपाट्याने कमी, पुढे १९६० च्या दशकात हफने तो एकेका दुकानाला आणि एकेका गिऱ्हाइकाला लावता येईल असा केला. त्या हफच्या सूत्रात अंतराला किती वजन द्यायचं हे मालागणिक बदलतं आणि खरी मेख तिथंच आहे. लग्नाचा बस्ता बांधायला माणसं नगर, सोलापूरहून गाडी करून लक्ष्मी रोडला येतात, तिथं अंतर फार मधे येत नाही, उलट दहा दुकानं शेजारी शेजारी हवीत म्हणजे बघून, घासाघीस करून घेता येतं. औषधाला मधलं. आणि पोळीभाजी, दूध, ब्रेड, चहा, यांना अंतराची प्रचंड शिक्षा. दमून आलेली बाई किंवा बाप्या शंभर मीटर जास्त चालण्यापेक्षा घरात खिचडी टाकतो, हे मी शेकडो लोकांशी बोलून सांगतोय.

आता दिशेचं बघा, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे प्रत्येक रस्त्याला एक सकाळची बाजू असते आणि एक संध्याकाळची. कामावर जाताना जी बाजू डाव्या हाताला लागते तिथं चहा, नाश्ता, पंक्चर, पेट्रोल चालतं. घरी येताना जी डाव्या हाताला लागते तिथं भाजी, मिठाई, औषधं, फुलं आणि पोळीभाजी. तुमचा मेन रोडचा गाळा हिंजवडीकडून वाकडला परतणाऱ्यांच्या डाव्या हाताला आहे का? नसेल आणि मधे सलग दुभाजक असेल तर संध्याकाळची सगळी गर्दी तुम्हाला फक्त दिसेल. पुढे जाऊन यू-टर्न मारून कुणी पोळ्या घ्यायला येत नाही. दुभाजक म्हणजे व्यापाराच्या दृष्टीने नदीच आहे, आणि तो कुठं फोडलाय यावर दुकानाचं नशीब बदललेलं मी बघितलंय. एका मेडिकलच्या समोरचा कट अपघात होतात म्हणून बंद केला, ते योग्यच होतं, पण त्या माणसाचं दुकान तेच, डॉक्टर तेच आणि पलीकडच्या बाजूचे म्हातारे पेशंट हळूहळू बंद झाले, कारण तेवढा रस्ता ओलांडायची त्यांना भीती वाटायची.

वेग हा त्याचाच भाग. टू-व्हीलरवाला हा आपल्याकडचा वेगळाच प्राणी आहे, अर्धा पादचारी अर्धा गाडीवाला. रस्ता सावकाश असेल तर तो पाय टेकवून, गाडी चालू ठेवून दोन मिनिटांत पार्सल घेतो, रस्ता पळता असेल तर मागच्याचा हॉर्न ऐकून पुढे निघून जातो. म्हणून रस्ता रुंद झाला की दुकानदार पेढे वाटतात आणि वर्षभराने कुरकुरतात, कारण रुंदी फुटपाथला मिळाली का गाड्यांना हे कुणी बघितलेलंच नसतं. जंगली महाराज रोडवर महापालिकेने फुटपाथ रुंद करून बसायला बाक केले, तिथं संध्याकाळी कुटुंबं नुसती बसलेली असतात आणि बसलेला माणूस कधी ना कधी कणीस घेतो, आइस्क्रीम घेतो. जेएम (म्हणजे हाच जंगली महाराज) आणि एफसी (फर्ग्युसन कॉलेज रोड) ही वन-वेची जोडी म्हणतात पण ती चालते कारण घोले रोड, शिरोळे रोडसारखे आडवे रस्ते दोघांना जोडतात, माणूस एकीकडून गेला आणि दुसरीकडून आला. आडवे रस्ते नसलेला नुसता वन-वे करून बघा, एका बाजूची दुकानं सुकतात.

लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन म्हणून एक पट्टा गाड्यांना बंद ठेवला होता, तेव्हापासून दर वर्षी वाद होतो की गाड्या बंद केल्या तर धंदा बसेल का. माझं मत स्पष्ट आहे की बसणार नाही, पण एका अटीवर. गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार, बसमधून कुठं उतरणार आणि तिथून कुठल्या बोळाने चालत येणार, ते बोळ मोकळे, उजेडाचे आणि चालण्यासारखे आहेत का, हे आधी. एकच रस्ता सजवून चालत नाही, त्याला मिळणाऱ्या वाटा सजवाव्या लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, आता जिन्यावरून वर आलेला माणूस पहिलं पाऊल मंडईत टाकतो आणि तिथून तुळशीबागेतून वर लक्ष्मी रोडला जातो. पूर्वी ज्या दुकानाला शेवटचं समजायचे ते या माणसासाठी पहिलं आहे. रस्ते तेच, पण दार बदललं की पैशाचा उतार बदलतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल मग चांगला रस्ता शोधला की झालं. चांगल्या रस्त्याचा फायदा बहुतेक वेळा दुकानदाराला मिळतच नाही, तो मालकाला मिळतो. रस्ता चांगला आहे हे सगळ्यांना दिसतं, म्हणून भाडं तितकंच चढलेलं असतं. तुम्ही जास्त विकता आणि जास्त भरता, हातात तेवढंच. फायदा होतो तो जिथं जोडणी चांगली आहे पण भाड्याला अजून कळलेलं नाही अशा ठिकाणी. आतले कोपरे बरेचदा तसे असतात, कारण भाडं रस्त्याच्या रुंदीवरून ठरतं आणि धंदा जोडणीवरून. यातलाच दुसरा मोह म्हणजे होणारा रस्ता. समोरून नवीन डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, जाणार आहे म्हणून आजच भाडं वाढवून मागतात. नकाशावरच्या रस्त्याला एक रुपया जास्त देऊ नका. जागा ताब्यात आलीय का, मधे कुणाचं घर, शेड, विहीर आहे का ते स्वतः शेवटपर्यंत चालत जाऊन बघा. माझ्या एका क्लायंटने माझं न ऐकता अशा रस्त्यावर गाळा घेतला होता, रस्ता आला, पण त्यांचं लॉक-इन संपून दुकान बंद झाल्यावर.

तुमच्या बाबतीत मी काय करीन ते सांगतो. घरी बसून एक तासाचं काम आहे, ओपनस्ट्रीटमॅपवर तो भाग काढा, प्रिंट घ्या, दोन्ही गाळ्यांपासून ४०० मीटरपर्यंत पेनने फक्त त्याच वाटा गिरवा ज्यावरून माणूस खरंच पायी जाऊ शकतो. (कॉम्प्युटर येत असेल घरात कुणाला तर क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे आपोआप निघतं, पण पहिल्यांदा हाताने करा, जास्त कळतं.) नकाशात दिसणाऱ्या निम्म्या वाटा प्रत्यक्षात बंद असतात आणि दोन-तीन चालू वाटा नकाशात नसतात. म्हणून मग जाऊन चाला. गिरवलेल्या वाटांना किती इमारतींची गेटं लागतात आणि त्यात किती फ्लॅट आहेत ते लिहा. गेट म्हणजे चालू गेट, मागचं कुलूप लावलेलं नाही.

नंतर उभं राहायचं. एक साधा मंगळवार किंवा बुधवार आणि एक शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, दोन्ही ठिकाणी. नुसती डोकी मोजू नका, मी तीन गोष्टी वेगळ्या लिहितो. पायी जाणारे, सावकाश जाणारे टू-व्हीलरवाले, आणि ज्यांच्या हातात पिशवी आहे ते. तिसरा आकडा सोन्याचा. पिशवी रिकामी, घडी केलेली असेल तर माणूस खरेदीला निघालाय, भरलेली असेल तर परततोय, आणि कुठल्या दिशेने भरलेल्या पिशव्या येतात यावरून कळतं की आज या भागाचा पैसा कुठं पडतोय. मेन रोडला शेकडो डोकी आणि पिशव्या पाच-सात असं चित्र मी कितीतरी वेळा बघितलंय.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा कौल आतल्या कोपऱ्याला आहे. तीन गल्ल्या मिळतात म्हणजे तीन दिशांनी वाट आहे, कोपरा असल्याने दोन बाजूंनी पाटी दिसते, लोक घराच्या कपड्यांत येऊ शकतात, आणि निम्म्या भाड्यामुळे पहिले सहा महिने तग धरता येईल, पोळीभाजीत महिन्याचं गिऱ्हाईक जमायला तेवढा वेळ लागतोच. फक्त तीन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय टोकन देऊ नका. त्या तीन गल्ल्यांपैकी किमान एक पलीकडे दुसऱ्या रस्त्याला खरंच निघते का, की तिन्ही तिथंच संपतात. तिन्ही संपत असतील तर तुमचं गिऱ्हाईक त्या तीन सोसायट्यांपुरतं आणि मग फ्लॅट मोजून हिशेब करा. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं का, हे इस्त्रीवाल्याला विचारा, एजंटला नाही. आणि सोसायट्यांची छोटी गेटं रात्री किती वाजता बंद होतात. साडेआठला बंद होत असतील तर सेक्रेटरींना भेटून साडेनऊपर्यंत उघडी राहतील का ते विचारा, आणि हो म्हणाले तर त्यांचा कमिटीचा ठराव बघून मगच मालकाशी भाड्याचं बोला.